परळच्या उंदरांची वंशावळ

१९३६ साली अमेरिकेत जॉन बिटनर यांनी एक साधा प्रयोग केला. त्यांच्याकडे उंदरांचे एक वाण होते. त्या वाणातल्या बहुतेक माद्यांना वय झाले की स्तनाचा कर्करोग व्हायचा. आईला झाला, लेकीला झाला, नातीला झाला. म्हणजे दोष वंशातला, असे सगळे धरून चालले होते. बिटनर यांनी पिल्ले जन्मताच उचलली आणि कर्करोग क्वचित होणाऱ्या दुसऱ्या वाणाच्या मादीच्या अंगावर पाजायला दिली. त्या पिल्लांमध्ये रोगाचे प्रमाण झपाट्याने खाली आले. वंश तोच, पिंजरा तोच, दाणा तोच. बदलले होते फक्त दूध.

दुधातून काहीतरी जात होते. तो विषाणू असावा अशी शंका बिटनर यांना नव्हती असे नाही, पण त्यांनी शब्द वापरला ‘दुधातला घटक’. कर्करोग विषाणूने होतो असे म्हणणाऱ्याला त्या काळी कोणी अनुदान देत नसे, असे त्यांनीच पुढे सांगितल्याचे प्रसिद्ध आहे. ताकाला जाऊन भांडे लपवायचे ते असे. खरे तर पेटन राऊस यांनी १९११ मध्येच कोंबडीच्या गाठीचा अर्क गाळला होता, त्यातल्या पेशी काढून टाकल्या होत्या आणि तो अर्क दुसऱ्या कोंबडीला टोचून गाठ उठवून दाखवली होती. त्यांना नोबेल मिळाले १९६६ साली. पंचावन्न वर्षांनी!

उंदरांच्या दुधातल्या या घटकाच्या मागे मुंबईत, परळच्या टाटा रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत, एक मराठी बाई लागल्या आणि आयुष्यभर लागलेल्या राहिल्या. डॉ. कमल रणदिवे. त्यांचे नाव आज शाळकरी मुलांना माहीत असेलच तर ८ नोव्हेंबर २०२१ या दिवशी गूगलच्या पानावर आलेल्या चित्रामुळे. पुढची माहिती सगळीकडे सारखीच छापलेली असते : पद्मभूषण, कर्करोग, कुष्ठरोग, महिला वैज्ञानिक. या चार शब्दांत त्यांच्या कामाची जात कळत नाही. त्यांनी काय शोधले यापेक्षा त्यांनी काय काय जिवंत ठेवले याचा हिशेब मांडला तर ती कळते, असे मला वाटते. हा लेख तो हिशेब मांडण्यासाठी आहे.

कमल समर्थ पुण्याच्या. जन्म ८ नोव्हेंबर १९१७. वडील दिनकर दत्तात्रेय समर्थ फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवत. मुलींनी शिकायचे, हे त्या घरात ठरलेलेच होते. कमल हुजूरपागेत शिकल्या, मग फर्ग्युसनमध्ये वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाल्या. वडिलांचा बेत मुलीने डॉक्टर व्हावे आणि डॉक्टराशीच लग्न करावे असा होता. मुलीने दोन्ही केले नाही. १९३९ मध्ये तिने जयसिंग त्र्यंबक रणदिवे या गणितज्ञाशी लग्न केले आणि पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून १९४३ साली एम.एस्सी. केले. विषय होता सीताफळ-रामफळाच्या कुळातल्या वनस्पतींची गुणसूत्रे. नवऱ्याचा तो विषय नव्हता, तरी अभ्यासात त्याने मदत केली, असे त्यांच्या चरित्रात नोंदलेले आहे. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी फुटताना पाहायची, गुणसूत्रे मोजायची, पुन्हा मोजायची, ही सवय त्यांच्या हाताला लागली ती सीताफळावर. पुढे फळाच्या जागी उंदीर आला.

लग्नानंतर मुंबई. टाटा रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले होते आणि तिथल्या प्रयोगशाळांचे प्रमुख होते डॉ. वसंत रामजी खानोलकर. भारतातल्या विकृतिशास्त्राचा पाया घालणारा हा माणूस. एरवी रुग्णालयातली प्रयोगशाळा म्हणजे गाठीचा तुकडा बघून रोगाचे नाव सांगण्याची जागा. खानोलकरांना तिथे संशोधन हवे होते, आणि संशोधनाला माणसे घेताना ते पदवीच्या शाखेत अडकत नसत. त्यांच्या हाताखाली कमल रणदिवे यांनी १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. मग खानोलकरांच्या सांगण्यावरून त्या बाल्टिमोरला, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात, जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या.

गाय म्हणजे शरीराबाहेर पेशी वाढवण्याच्या कलेतले उस्ताद. हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय रुग्ण स्त्रीच्या गाठीतून, तिला न विचारता घेतलेल्या पेशी १९५१ मध्ये याच प्रयोगशाळेत वाढू लागल्या आणि हेला या नावाने जगभर गेल्या. त्या अजून वाढत आहेत. पेशी बाटलीत वाढवणे हा तेव्हा नुसता हौसेचा मामला राहिला नव्हता. विषाणू स्वतःहून वाढत नाही, त्याला जिवंत पेशी लागते. १९४९ मध्ये एन्डर्स, वेलर आणि रॉबिन्स या त्रयीने पोलिओचा विषाणू काचेच्या नळीतल्या पेशींवर वाढवून दाखवला. तोवर त्यासाठी माकडे मारावी लागत. साल्क यांची लस त्या वाटेने आली आणि तिची ताकद तपासायला हेला पेशी वापरल्या गेल्या. ज्या देशात पेशी वाढवता येत नाहीत त्या देशात विषाणूचा अभ्यास होत नाही, इतके हे सरळ होते.

रणदिवे हे तंत्र घेऊन परत आल्या. १९५२ मध्ये परळला इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर उभे राहिले आणि तिथे त्यांनी ऊतीसंवर्धनाची प्रयोगशाळा बांधली. देशातली या प्रकारची ती पहिली. त्या काळच्या मुंबईत हे काम कसे असेल याचा विचार करावा. पेशींना ३७ अंशांची ऊब अखंड हवी, म्हणजे वीज जाऊन चालणार नाही. खाद्य म्हणून रक्तद्रव हवा आणि तो रोज निर्जंतुक करून घ्यायला हवा. पावसाळ्यात मुंबईच्या भिंतींना बुरशी येते. तिचा एक कण बाटलीत पडला की महिन्याभराचे काम नासते. आज या सगळ्याच्या तयार बाटल्या विकत मिळतात. तेव्हा काच धुण्यापासून सुरुवात होती. या कामाला पुरस्कार नसतात, पण संस्थेचे काम खरे तर यानेच उभे राहते.

दुसरी जपणूक होती उंदरांची. इथे थोडे थांबायला हवे, कारण हे आमच्या मोसम खोऱ्यातल्या माणसाला पुण्या-मुंबईच्या वाचकापेक्षा लवकर समजेल.

नामपूर हे बागलाणातले कांद्याचे गाव. इथला शेतकरी उन्हाळ कांदा नुसता विकत नाही, पुष्कळदा स्वतःचे बीही धरतो. चाळीतले निवडक, एकसारख्या रंगाचे, घट्ट मानेचे कांदे काढून पुन्हा लावायचे, त्यांना डोंगळे येऊ द्यायचे आणि शेजारच्या रानात दुसऱ्या वाणाचे डोंगळे नाहीत ना हे बघायचे. मधमाशी काही बांध पाळत नाही. म्हणून शुद्ध बियाण्यासाठी दोन वाणांत ५०० मीटर ते १ किलोमीटर अंतर ठेवावे लागते. एक वर्ष दुर्लक्ष झाले की रंग फाटतो, जोडकांदे निघतात आणि मागच्या दहा वर्षांची निवड पाण्यात जाते.

प्रयोगशाळेतले उंदीर असेच धरावे लागतात, फक्त नियम आणखी कडक. एका वीतले भाऊ-बहीण घ्यायचे, त्यांची पिल्ले, पुन्हा त्यांतले भाऊ-बहीण. अशा सलग वीस पिढ्या झाल्या की त्या वाणातले उंदीर आनुवंशिकदृष्ट्या जवळजवळ एकसारखे मानले जातात. एका पिढीला साधारण तीन महिने धरले तर पाच वर्षे झाली. आणि ही फक्त पूर्वतयारी, प्रयोग त्यानंतर. मग वाण टिकवायचे म्हणजे रोज कोणीतरी पिंजरे बघायचे, नोंदी ठेवायच्या, कोणती मादी कोणाची हे चुकू द्यायचे नाही. दिवाळी असो की गणपती. परळच्या संस्थेने स्वतःचे उंदरांचे वाण तयार केले, त्याला संस्थेचेच नाव मिळाले, आणि त्या वाणाच्या माद्यांमध्ये स्तनाच्या गाठींचे प्रमाण मोठे होते. स्तनाचा कर्करोग, रक्ताचा कर्करोग, अन्ननलिकेचा कर्करोग यांच्या अभ्यासासाठी रणदिवे यांनी प्राण्यांची जी प्रारूपे उभी केली त्यांचा पाया हा होता.

या उंदरांनी काय सांगितले? एकट्या विषाणूने भागत नाही. विषाणू दुधातून येतो, पण गाठ व्हायची की नाही हे मादीचा वंश आणि तिची संप्रेरके मिळून ठरवतात. जास्त विणी झालेल्या मादीत धोका वाढतो, अंडाशय काढलेल्या मादीत घटतो. वंश, विषाणू आणि संप्रेरके हे तिन्ही धागे एकत्र धरून बघणाऱ्या सुरुवातीच्या संशोधकांत रणदिवे यांची गणना होते. या संप्रेरकांच्या धाग्याचे रेण्वीय कारण १९८० च्या दशकात कळले : या विषाणूच्या जनुकसाखळीतच एक जागा अशी आहे की जिथे स्टेरॉइड संप्रेरकाचा निरोप पोचला की विषाणूचे कारखाने जोरात चालू होतात.

त्याहून मोठी गंमत १९९१ मध्ये उघड झाली. विषाणू पिल्लाच्या आतड्यात पोचतो, पण त्याला जायचे असते स्तनग्रंथीत, आणि ती तर अजून धड तयारही झालेली नसते. मधला मुक्काम तो कुठे करतो? रोगप्रतिकारशक्तीच्या पेशींमध्येच. आतड्यालगतच्या बी पेशींमध्ये तो शिरतो आणि त्यांच्या पृष्ठभागावर एक प्रथिन मांडतो. सामान्य प्रतिजनाला हजारो टी पेशींमधून एखादी ओळखते. हे प्रथिन एका फटक्यात टी पेशींच्या सबंध गटांना उठवते. त्याला महाप्रतिजन म्हणतात. उठलेल्या टी पेशी नेमाप्रमाणे बी पेशींना वाढायला मदत करतात, म्हणजे विषाणूचे घरच वाढवतात. पुढे मादी वयात आली की या पेशींबरोबर विषाणू स्तनग्रंथीत दाखल होतो. ज्या वाणाच्या उंदरात त्या टी पेशी जन्मतःच नसतात त्याला विषाणू फारसा बाधत नाही. पिंजऱ्यातल्या नोंदींत दिसणारा ‘वंश’ हा असा प्रतिकारशास्त्रातून उलगडला. विषाणुशास्त्र आणि प्रतिकारशास्त्र हे दोन विषय आपण कॉलेजात वेगळ्या पुस्तकांतून शिकतो. या उंदरांच्या लेखी ते कधीच वेगळे नव्हते.

मग साहजिक प्रश्न आला, माणसांत असा विषाणू आहे का? हा प्रश्न मुंबईत विचारायला एक खास कारण होते. पारशी समाजात बाहेर लग्ने कमी आणि त्यांच्या स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण जास्त. १९७१ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात एक निबंध आला. अमेरिकेचे डॅन मूर आणि सहकारी, आणि त्यांच्याबरोबर परळच्या संस्थेतल्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकतज्ज्ञ सत्यवती सिरसाट आणि टाटाचे शल्यविशारद पेमास्टर. पारशी स्त्रियांच्या दुधाच्या नमुन्यांत उंदराच्या विषाणूसारखे दिसणारे कण सामान्य अमेरिकी स्त्रियांपेक्षा बरेच जास्त सापडले, असे त्यात म्हटले होते. जगभर खळबळ माजली. आयांनी मुलींना पाजावे की नाही इथपर्यंत चर्चा गेली. पुढच्या वर्षांत तो विषाणू हाती लागलाच नाही. माणसाच्या स्तनाच्या कर्करोगाला असा विषाणू कारण असल्याचे आजतागायत सिद्ध झालेले नाही. मुलांना पाजणे स्तनाच्या कर्करोगापासून आईला थोडे संरक्षणच देते, हे मात्र पक्के आहे.

यावरून ती सगळी वाट चुकीची होती असे म्हणणारे लोक भेटतात. मला ते पटत नाही. विषाणूने माणसाला कर्करोग होतो ही गोष्ट खरी निघाली, फक्त अवयव दुसरा होता. हाराल्ड त्सूर हाउसन यांनी गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागचा विषाणू दाखवून दिला आणि २००८ मध्ये त्यांना नोबेल मिळाले; यकृताच्या कर्करोगामागे हिपॅटायटिस बी आणि सी आहेत. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लशीला २०२२ मध्ये परवाना मिळाला. बिटनर यांना जो शब्द तोंडातून काढायची भीती वाटत होती त्यावर आता लस टोचली जाते. या प्रवासात उंदरांच्या दुधाच्या अभ्यासाचा वाटा मोठा आहे.

प्रशासन रणदिवे यांना टाळता आले नाही. १९६६ ते १९७० या काळात त्यांनी संस्थेचे संचालकपद कार्यवाहक म्हणून सांभाळले. याच १९६६ मध्ये रुग्णालय आणि संशोधन केंद्र एकत्र होऊन टाटा मेमोरियल सेंटर झाले. चार वर्षे कार्यवाहक! यावर कोणी काय समजायचे ते समजावे. १९७३ मध्ये त्यांनी सहकारी स्त्रियांबरोबर भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन केली. वाशीला तिचे मुख्यालय आहे, आणि तिथल्या कामांत नोकरदार स्त्रियांचे वसतिगृह आणि पाळणाघर आहे. परिसंवाद आणि हारतुऱ्यांवर न थांबता पाळणाघर चालवणारी वैज्ञानिक संघटना ही मला या बाईंच्या स्वभावाची खरी खूण वाटते. स्त्री प्रयोगशाळा का सोडते याचे उत्तर त्यांनी भाषणात शोधले नाही.

निवृत्तीनंतर त्या तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात गेल्या. राजूरच्या सत्यनिकेतन संस्थेच्या सोबतीने आदिवासी मुलांच्या पोषणाची माहिती गोळा करणे, बायकांना आरोग्याचे सांगणे, हे काम त्यांनी केले. दोनशेहून अधिक शोधनिबंध नावावर असलेली बाई सत्तरीत डांगाणात हिंडून मुलांच्या खाण्यापिण्याच्या नोंदी घेत होती. पद्धत तीच, पिंजऱ्याची आणि वहीची.

इथे एक आडवाट. नामपुरात किंवा सटाण्यात बारावीला जीवशास्त्र घेतलेल्या हुशार मुलीला आजही एकच प्रश्न विचारला जातो : नीटला किती पडले? कमी पडले तर बीएएमएस, बीएचएमएस, नर्सिंग, आणि तेही नाही जमले तर ‘मग नुसतं बी.एस्सी.’ समर्थ मास्तरांनी नव्वद वर्षांपूर्वी लेकीसाठी जे ठरवले होते त्यापेक्षा आपण फार पुढे गेलेलो नाही. त्यांच्या लेकीने ‘नुसतं बी.एस्सी.’च केले होते, आणि एम.एस्सी. तर शेतकी कॉलेजातून.

कुष्ठरोगाचे काम मी मुद्दाम शेवटी ठेवले आहे, कारण ते अजून संपलेले नाही.

हान्सेन यांनी १८७३ मध्ये कुष्ठरोगाचा जंतू पाहिला. तो बाटलीत वाढवता आला नाही. दीडशे वर्षे उलटली तरी आजही येत नाही. लस करायची तर जंतू भरपूर हवेत, आणि इथेच घोडे अडलेले होते. १९५८ मध्ये बापट, रणदिवे आणि खानोलकर यांनी रुग्णाच्या गाठीतून मिळवलेला एक जंतू बाटलीत वाढवल्याचे जाहीर केले. परळच्या ऊतीसंवर्धनाच्या तंत्राचे ते फळ होते. हा खरा कुष्ठजंतू की त्याचा भाऊबंद, यावर वाद झाला आणि तो भाऊबंद निघाला. क्षयजंतूंच्या विस्तृत गोतावळ्यातल्या एका गटात त्याची गणना झाली. एखाद्याने बाटल्या फेकून दिल्या असत्या. परळला तो जंतू वर्षानुवर्षे वाढवत ठेवला गेला.

आणि भाऊबंदाचाच उपयोग झाला. कुष्ठरोगात जंतूइतकेच महत्त्व आपल्या शरीराच्या प्रतिसादाला असते. काहींचे शरीर जंतूला ओळखते आणि एक-दोन चट्ट्यांवर रोग रोखते. काहींच्या टी पेशी त्याला ओळखतच नाहीत. त्यांच्या कातडीत जंतू कोट्यवधींनी वाढतात आणि शरीर गप्प बसते. या दुसऱ्या प्रकारच्या रुग्णांचे शरीर जागे करता येईल का, हा प्रश्न डॉ. माधव देव यांच्यासारख्या पुढच्या पिढीतल्या संशोधकांनी परळला हाती घेतला आणि त्या जंतूला किरणोत्साराने मारून लस तयार केली.

जवळच्या जंतूची लस दुसऱ्याला चालते यात नवल वाटायचे कारण नाही. २०२२ च्या पावसाळ्यात राज्यात लम्पी आला, जनावरांचे बाजार बंद पडले, तेव्हा गोठ्यागोठ्यांत गाई-बैलांना जी लस टोचली ती शेळ्यांच्या देवीची होती. दोन्ही विषाणू एका घरातले. एकाची ओळख करून दिली की शरीर दुसऱ्यालाही अडवते. जेन्नर यांची देवीची लसही गाईकडून आली होती.

परळच्या लशीची मोठी परीक्षा तमिळनाडूत चेंगलपट्टूच्या परिसरात झाली. डॉ. मोहन गुप्ते यांच्या नेतृत्वाखाली १,७१,४०० लोकांना यात घेतले गेले. एका गटाला बीसीजी, एकाला बीसीजी आणि मारलेला खरा कुष्ठजंतू, एकाला दिल्लीत विकसित झालेली दुसरी लस, एकाला परळची लस, आणि एकाला नुसते मिठाचे पाणी. निकाल १९९८ मध्ये छापून आले. बीसीजीने ३४.१ टक्के संरक्षण दिले, दिल्लीच्या लशीने २५.७, बीसीजी आणि कुष्ठजंतूच्या जोडीने ६४, आणि परळच्या लशीने ६५.५ टक्के. रणदिवे तेव्हा ऐंशीच्या होत्या. १९५८ ते १९९८ : एका बाटलीतल्या जंतूचा चाळीस वर्षांचा हिशेब त्यांना डोळ्यांनी पाहायला मिळाला. २००१ मध्ये त्या गेल्या.

पुढे काय झाले? परीक्षेत मागे पडलेल्या दिल्लीच्या लशीला परवाना मिळाला, कंपनी मिळाली आणि ती बाजारात आली. परळची लस राष्ट्रीय कार्यक्रमात आली नाही. बाजू घेऊन बोलायचे तर कारण समजण्यासारखे आहे : १९८० च्या दशकात आलेल्या बहुविध औषधोपचाराने रुग्णसंख्या वेगाने घटली, आणि २००५ च्या अखेरीस दर दहा हजारांत एकाहून कमी रुग्ण, म्हणजे सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून कुष्ठरोग संपला, अशी पातळी देशाने गाठली. संपलेल्या रोगाच्या लशीवर पैसा कोण घालणार? पण रोग संपला नव्हता. २०१९ या एका वर्षात भारतात कुष्ठरोगाचे १,१४,४५१ नवे रुग्ण नोंदले गेले. जगातल्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून जास्त. औषध रुग्णाला बरे करते, पण त्याच्या घरातल्या माणसांना रोग होण्याआधी अडवायचे तर दुसरे काही लागते. या कामासाठी आज एका गोळीचा एकच डोस दिला जातो, आणि लशींचा विचार नव्याने सुरू झाला आहे. त्या विचारात चेंगलपट्टूचा तक्ता पुन्हा काढला जातो, आणि त्यातला सर्वांत मोठा आकडा परळच्या रकान्यात आहे.